राखण समुद्राची, चूल कोळीवाड्याची

बेल्ह्याचा आठवडे बाजार सोमवारी भरतो. बैलबाजारासाठी तो पंचक्रोशीबाहेरही ओळखला जातो. बैलांच्या दावणी आणि भाजीपाल्याच्या पाट्या मागे टाकून पुढे गेले की वास आधी येतो आणि पाल नंतर दिसते. सुकटीचे ढीग, बोंबलांच्या जुड्या, वाकट्या, सोडे. मे सरत आला की या पालांपुढची गर्दी वाढते, कारण पावसाळ्याची बेगमी करायची असते. कांद्यात परतलेली सुकट आणि बाजरीची भाकरी हे जुन्नरच्या या कोरडवाहू पूर्वपट्ट्याचे कष्टाच्या दिवसांतले जेवण आहे.

समुद्र इथून सह्याद्रीच्या पलीकडे. तरीही या मुलखाची समुद्राशी सोयरीक जुनी आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येत असे. आज सुकी मासळी माळशेज घाट चढून कल्याण-नगर रस्त्याने येते. म्हणून समुद्रात मासा उरतो का आणि तो धरणारा माणूस टिकतो का, हे दोन्ही प्रश्न बेल्ह्याचेही आहेत. ते एकत्रच विचारले पाहिजेत. आजवर बहुतेक वेळा ते वेगवेगळ्या कचेऱ्यांत आणि वेगवेगळ्या सभांत विचारले गेले, आणि म्हणूनच उत्तरेही अर्धी मिळाली.

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला यातला पेच फोड करून सांगावा लागत नाही. उसात बिबट्या आहे. त्याला मारायचे नाही हा कायदा आहे आणि रात्रीची वीज आली की पाणी भरायला रानात जायचे ही गरज आहे. पश्चिमेला भीमाशंकरचे जंगल १९८५ मध्ये अभयारण्य झाले. तिथले आदिवासी पाडे त्याआधीपासून तिथेच होते. बिबट्या साऱ्या देशाचा असतो, पण गेलेली शेळी एका घराची असते. समुद्रावरही तसेच आहे. कासव साऱ्या जगाचे, पण त्याच्यासाठी कापलेले जाळे एका माणसाचे.

आपल्याकडे पिकाची राखण करणाऱ्याला पिकात वाटा असतो. वाटा नसला तर राखण्या रात्रभर जागत नाही. सागरी संवर्धनाचे गेल्या पन्नास वर्षांतले यशापयश याच एका कसोटीवर पारखता येते, असे मला वाटते. राखणीची किंमत कोण मोजतो आणि राखलेले पीक कोण नेतो?

समुद्रात काय उरले

महाराष्ट्राचा किनारा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत, वर्षानुवर्षे सांगितल्या जाणाऱ्या मोजणीनुसार, ७२० किलोमीटरचा. २०१० च्या सागरी मत्स्यगणनेत या किनाऱ्यावर ४५६ मच्छीमार गावे आणि ८१ हजारांवर मच्छीमार कुटुंबे नोंदली गेली. म्हणजे पावणेचार लाखांहून अधिक माणसे. होडीवर जाणारा पुरुष या गणतीत चटकन दिसतो. लिलावात बोली लावणारी, बोंबील वलांडीवर वाळत घालणारी आणि पाटी घेऊन दारोदार जाणारी बाई मात्र धोरणांच्या कागदांवर फारशी उमटत नाही. खरे तर मासा किनाऱ्याला लागल्यानंतरचा बराचसा व्यवहार तिच्याच हातात असतो. मासळी घटली की तिची पाटी आधी रिकामी होते.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१८ मध्ये महाराष्ट्रात सुमारे २ लाख ९५ हजार टन सागरी मासळी उतरली. २०१९ मध्ये हा आकडा २ लाख १ हजार टनांवर आला. पंचेचाळीस वर्षांतला हा नीचांक होता. त्या वर्षी 'क्यार' आणि 'महा' या लागोपाठच्या चक्रीवादळांनी ऐन हंगामात नौका किनाऱ्याला बांधून ठेवल्या होत्या, हे खरे आहे. किनाऱ्याला उतरलेली मासळी म्हणजे समुद्रातला साठा नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवे. पण कोळीवाड्यांतली तक्रार एका वर्षाची नाही. पूर्वी जवळच मिळणाऱ्या मासळीसाठी आता दूर जावे लागते. डिझेल जास्त जळते, खलाशी जास्त दिवस बाहेर राहतात आणि हाती येणारा मासा लहान असतो. विहिरीचे पाणी खाली गेले की बोअर आणखी खोल घ्यायचे, हे चक्र आपल्याकडच्या शेतकऱ्याने पाहिले आहे. समुद्रावरही तेच चक्र फिरते आहे.

हवामानही आता ओळखीचे राहिलेले नाही. जून २०२० मधले 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, होड्या आणि घरे मोडली आणि घाट चढून जुन्नर-आंबेगावच्या शेतीलाही झोडपून गेले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' आले. मासेमारीचे दिवस वादळांनी असे कमी केले की उरलेल्या दिवसांत जास्तीत जास्त ओढून घेण्याची घाई वाढते. राखणीचा विचार मग मागे पडतो.

भांडणाचे मूळ

स्वातंत्र्यानंतर मासेमारीचे यांत्रिकीकरण ही विकासाची वाट मानली गेली. इंजिनाच्या नौका आल्या आणि निर्यातीच्या कोळंबीसाठी ट्रॉलर आले. ट्रॉलरचे जाळे समुद्राच्या तळावरून ओढत नेतात. कोळंबीबरोबर तळावरचे जे जे असेल ते सारे त्यात येते, पिल्लेही येतात. जिला बाजारात भाव नाही अशी बारीक मासळी फिशमीलच्या कारखान्याकडे जाते आणि फिशमील कोंबडीखाद्यातही वापरले जाते. उद्या मोठा होऊन कोळ्याच्या जाळ्यात आला असता असा मासा आजच भुकटी होऊन पोत्यात जातो.

या अन्यायाविरुद्ध पहिला मोठा आवाज उठला तो गोव्यात. रापण हे किनाऱ्यावरून सामूहिकपणे ओढायचे जाळे. अनेक घरे मिळून ते ओढतात आणि मासळीचे वाटे करतात. ट्रॉलर किनाऱ्याजवळ आले तेव्हा रापणीला मासा उरेना. सत्तरच्या दशकात गोव्याच्या रापणकारांनी मोठे आंदोलन उभारले. मातानी साल्ढाणा हे त्यातले एक आघाडीचे नाव. देशभर असेच खटके उडू लागल्यावर केंद्राने मजुमदार समिती नेमली आणि पुढे राज्यांसाठी कायद्याचा नमुना तयार झाला. गोवा आणि केरळ यांनी १९८० मध्ये कायदे केले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. म्हणजे आपल्या समुद्रातले नियम जन्मले ते गरीब मच्छीमाराच्या पोटाच्या लढाईतून. संवर्धन ही मच्छीमाराच्या डोक्यावर बाहेरून लादलेली कल्पना आहे, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा.

ट्रॉलरनंतर पर्ससीन आली. बांगडा किंवा तारलीचा थवा दिसला की त्याभोवती जाळ्याचा मोठा फेर टाकायचा आणि बटव्याची दोरी आवळावी तसा तळ आवळायचा. एका फेरात अख्खा थवा उचलला जातो. डॉ. सोमवंशी समितीने या मासेमारीचा अभ्यास केल्यानंतर राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी तिच्यावर निर्बंध घातले. परवाने ४९४ वरून टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे ठरले आणि राज्याच्या हद्दीत हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा बांधून दिला. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करून पकडण्यावर बंदी आणली. २०२१ मध्ये राज्याने आपल्या कायद्यातले दंड लाखांच्या घरात नेले.

कागदावर इतके असूनही भांडण का मिटले नाही? एक कारण हद्दीत आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्याच्या अखत्यारीत येतो, त्यापुढचा केंद्राच्या. मासा ही रेघ ओळखत नाही आणि रात्रीच्या अंधारात नौकाही ती सहज ओलांडते. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या पर्ससीनधारकांना १२ मैलांपलीकडे आठवड्यातले दोन दिवस आणि काही अटी घालून अंतरिम मुभा दिली. त्यावरूनही किनाऱ्याचे दोन तट पडले. दुसरे कारण पैशाचे आहे. पर्ससीनवर ज्यांनी कर्ज काढून भांडवल घातले, त्यांतलेही कित्येकजण काल छोटे मच्छीमारच होते. त्यांना बाहेर पडण्याची वाट न देता नुसता परवाना बंद केला, तर ते बेकायदा मासेमारीकडे वळतात. दंडाच्या आकड्यापेक्षा गस्तीची नौका वेळेवर पोहोचते का, यावर नियम टिकतो.

बंदीचे दिवस

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. कायद्याच्या आधीपासून कोळीवाडे हे पाळत आले आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, अनेक मासळीच्या विणीचा काळही त्याच सुमाराचा. होड्या वर ओढायच्या, जाळी विणायची-दुरुस्त करायची आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मग नौका लोटायच्या. धर्म, सुरक्षितता आणि संवर्धन यांची इतकी घट्ट वीण असलेली प्रथा सहज सापडत नाही.

पालघरच्या बाजूच्या मच्छीमार संस्थांनी तर बंदी ६१ ऐवजी ९० दिवसांची करावी, मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, अशी मागणी केली आहे. राखण वाढवा, असे राखणारेच म्हणत आहेत. पण त्या दिवसांची चूल कशी पेटायची? प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बंदीकाळासाठी बचत-नि-साहाय्य योजना आहे. मच्छीमाराने १,५०० रुपये भरायचे, सरकारने ३,००० घालायचे आणि तीन महिन्यांत ४,५०० रुपये त्याच्या हाती द्यायचे. तीही दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना. महिन्याचे दीड हजार रुपये. एवढ्यात घर चालत नाही, हे कोणत्याही शेतमजुराच्या घरी विचारून खात्री करता येईल. खलाशी, मासळी निवडणाऱ्या आणि वाळवणाऱ्या स्त्रिया, बर्फ वाहणारे हमाल यांचा रोजगारही त्या दिवसांत थांबतो. बंदीचा लाभ ऑगस्टनंतर सगळ्यांना मिळतो आणि मोठ्या नौकेला मोठा मिळतो. बंदीची झळ मात्र जूनमध्ये सर्वांत लहान घराला बसते. हा हिशेब बरोबर करणे अवघड नाही. त्यासाठी तरतूद हवी.

केवढा मासा धरायचा

सातपाटीचे पापलेट देशात नावाजलेले. तिथले मच्छीमार वागरा जाळी वापरतात. या जाळ्याचे आस, म्हणजे भोके, मोठे असतात, त्यामुळे लहान पापलेट त्यातून निसटते. मोठे होण्याआधीच पिल्ले दुसऱ्या जाळ्यांत उचलली जातात आणि आपल्या वाट्याला मासा येत नाही, अशी सातपाटीची जुनी खंत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. त्याच सुमारास ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून देण्यात आला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान मासा धरायचाही नाही आणि विकायचाही नाही. विचार साधा आहे. माशाला निदान एकदा तरी विणीची संधी मिळावी. बियाण्याचे कणीस भाजून खाऊ नये, ही शेतकऱ्याची शिकवण इथे कायदा झाली.

पण खरी गुंतागुंत इथूनच सुरू होते आणि ती बेल्ह्याच्या पालाशी थेट जोडलेली आहे. आपली सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. हा जीव पूर्ण वाढला तरी दोन-तीन सेंटिमीटरचा. तो धरायचा तर जाळ्याचे आस बारीकच लागतात. बोंबील आणि जवळा यांची मासेमारी डोल जाळ्याने होते. पिशवीसारखे हे जाळे समुद्रात रोवलेल्या खांबांना किंवा नांगराला बांधून ठेवतात. भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी आत ढकलतो. जाळे ओढत फिरायचे नसल्यामुळे डिझेल कमी लागते आणि तळही खरवडला जात नाही. उत्तन, वसई, अर्नाळा, वर्सोवा इथल्या हजारो घरांचे पोट त्यावर आहे. तरीही त्याच बारीक पिशवीत जवळ्याबरोबर पापलेटची, घोळीची आणि इतर मासळीची पिल्लेही अडकतात.

मग करायचे काय? आस मोठे करा म्हटले तर जवळा निसटतो. डोलकराची चूल विझते आणि बेल्ह्याच्या पालावरची सुकट, गरिबाच्या ताटातली स्वस्त प्रथिने, महाग होते. काहीच करू नका म्हटले तर सातपाटीच्या वागऱ्याला पापलेट मिळत नाही. दोन्हीकडे छोटेच मच्छीमार उभे आहेत. एका कलमाने हा प्रश्न सुटणार नाही. कोणत्या महिन्यात, कोणत्या भागात पिल्ले जास्त येतात, हे डोलकर स्वतः ओळखतो. तेवढे दिवस, तेवढी जागा सोडायची आणि त्या दिवसांची भरपाई मिळवायची, अशी तोड दोन्ही गावांनी शास्त्रज्ञांना मध्ये घेऊन एकत्र बसूनच निघू शकते. ट्रॉलरच्या बाबतीत मात्र उपाय हाताशी आहे. नेहमीचे जाळे ओढले की त्याचे शंकरपाळ्यासारखे आस ताणाने मिटतात. शेपटाकडची खोळ चौकोनी आसाची केली तर ते उघडे राहतात आणि पिल्ले बाहेर पडतात. सिंधुदुर्गात याच्या चाचण्या झाल्या आहेत. आता हा उपाय प्रत्येक ट्रॉलरवर दिसायला हवा.

कुंपण आणि पालखी

समुद्राचा तुकडा राखीव करण्याचा महाराष्ट्रातला ठळक प्रयोग मालवणचा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा २९ चौरस किलोमीटरचा समुद्र १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथे प्रवाळ आहे आणि माशांची समृद्ध वस्ती आहे. पण त्याच पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढणारी गावेही आहेत. त्यांना विश्वासात न घेता रेघ ओढली गेली. विरोध झाला तो कायमचाच, आणि अभयारण्य बराच काळ नकाशावरच राहिले. पुढे १९९१ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली. सागरी हद्दीत अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताची पुरेशी काळजी घेतली पाहिजे, अशी अट त्यात आली. मालवणची घोषणा या अटीच्या चार वर्षे आधीची. तो क्रम उलटा असता, तर कदाचित मालवणची कहाणी वेगळी झाली असती.

मालवणच्या शेजारीच त्यानंतर वेगळी वाटही चाचपली गेली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि राज्याचा कांदळवन कक्ष यांच्या प्रकल्पातून खेकडापालन आणि शिंपलेशेती सुरू झाली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या स्त्रिया होडीतून कांदळवनाची सफर घडवू लागल्या. तोडण्याऐवजी दाखवण्यातून चार पैसे मिळू लागले की कांदळवनाला पहारेकरी आपोआप मिळतात.

वेळासची गोष्ट तर सगळ्यांनाच ठाऊक व्हावी अशी आहे. मंडणगड तालुक्यातल्या या गावाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. ती अंडी पूर्वी खाण्या-विकण्यासाठी उचलली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, २००२ च्या सुमारास तिथे काम सुरू केले. गावातल्याच तरुणांना सोबत घेऊन घरटी कुंपणात सुरक्षित ठेवली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले समुद्राकडे निघालेली पाहायला लोक येऊ लागले, गावातल्या घरीच राहू-जेवू लागले आणि कासवाची पालखी गावाने स्वतःच्या खांद्यावर घेतली. मालवण आणि वेळास यांतला फरक निधीचा नाही. एका जागी रेघ आधी आली आणि माणूस नंतर आठवला. दुसऱ्या जागी माणूस आधी बरोबर आला, मग कुंपण घातले.

अर्थात वेळासचे उत्तर सगळीकडे चालत नाही. कासवाचे घरटे वाळूत असते आणि वाळूवर कोणाचे जाळे नसते. समुद्रात कासव जाळ्यात येते तेव्हा काय? ओडिशात गहिरमाथ्याच्या समुद्रात कासवांसाठी नोव्हेंबर ते मे असे सात महिने मासेमारी बंद असते आणि तिथल्या छोट्या मच्छीमारांनी त्याची मोठी किंमत मोजली आहे. महाराष्ट्राने एक चांगला नियम २०१८ मध्ये केला. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून तो सोडला, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. गुजरातच्या किनाऱ्यावरही व्हेल शार्क सोडणाऱ्यांना जाळ्याची भरपाई देण्यात आली. २००४ पासून रामकथाकार मोरारी बापूंनी व्हेल शार्कला माहेरपणाला आलेली लेक म्हटले आणि लोकांच्या मनात तिला जागा मिळाली. बिबट्याने शेळी नेली की पंचनामा होतो आणि भरपाई मिळते, त्याच न्यायाचे हे सागरी रूप. जाळे कापणारा माणूस त्या क्षणी सगळ्या देशाच्या वतीने निर्णय घेत असतो. त्याचा खर्च देशाने दिलाच पाहिजे.

कासवाची बाजू बाजारालाही ऐकावी लागली. ट्रॉलरच्या जाळ्यात कासवाला निसटायला झडप बसवलेली नसल्याने अमेरिकेने २०१९ च्या सुमारास भारतातून येणारी समुद्रातली कोळंबी थांबवली. झडप वेळेवर बसवली असती तर कासवही वाचले असते आणि कोळंबीचा बाजारही. संवर्धन आणि रोजगार एकमेकांच्या विरुद्धच असतात, हा समज इथे पुरता खोटा ठरतो.

मोठ्यांच्या वाट्याची राखण

छोट्या मच्छीमाराला किमान आकार, बंदीचे दिवस, आसाचे माप हे सारे सांगितले जाते. त्याच वेळी त्याच्याच समुद्रात काय काय येते, हेही पाहायला हवे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत पालघर जिल्ह्यातले तारापूर सर्वांत वर होते. तिथून सातपाटी काही मैलांवर आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. १९९८ मध्ये डहाणू पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने वाढवणच्या बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये नव्या वाढवण बंदराला संमती दिली. ७६ हजार कोटींच्या या प्रकल्पाची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. समुद्रात शेकडो हेक्टर भराव पडणार आहे. आपली मासेमारीची जागा जाईल म्हणून तिथले कोळी लढत आहेत. पापलेटच्या पिल्लाला १३५ मिलिमीटर जागा हवी, असे म्हणणाऱ्या राज्याने त्या पिल्लाच्या घराची जागाही मोजली पाहिजे.

या बाबतीत पुण्यात बसणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पश्चिम पीठाने २०१५ मध्ये एक महत्त्वाचा निकाल दिला. न्हावा-शेवा परिसरातल्या बंदराच्या भरावांमुळे रोजगार गेलेल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्या, असा तो आदेश होता. पारंपरिक मासेमारीला सातबारा नसतो, तरी ती हक्काची असते, हे त्यातून ठसले. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर वरळीच्या कोळ्यांनी होड्या जाण्यासाठी पुलाच्या खांबांतले अंतर वाढवून मागितले. लांबलेल्या लढ्यानंतर ते ६० वरून १२० मीटर करण्याचे सरकारने मान्य केले. नकाशा काढतानाच कोळीवाड्याला विचारले असते, तर तो वेळही वाचला असता आणि तो मनस्तापही.

डिंभ्याचा धडा

समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या तालुक्यांकडेही या प्रश्नाचे एक उत्तर आहे. घोड नदीवरच्या डिंभे धरणाने आंबेगावच्या आदिवासींच्या जमिनी पाण्याखाली नेल्या. पाणी सरकारचे झाले, मासा ठेक्याचा झाला आणि काठावरचा माणूस दोन्हींपासून तुटला. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने या माणसांबरोबर काम केले. त्यांनी सहकारी संस्था उभारली, जलाशयात मासेमारीचा हक्क मिळवला आणि होड्या-जाळी आणली. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या मदतीने पिंजऱ्यांत मत्स्यबीज वाढवण्याचे प्रयोगही झाले. २०१२ मध्ये 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

धरण आणि समुद्र यांत मोठा फरक आहे. जलाशयात बीज सोडता येते; समुद्राला बीज तोच घालतो, आपण फक्त न ओरबाडण्याची काळजी घेऊ शकतो. जलाशयाला काठ असतो, कोण मासे धरतो हे सगळ्यांना दिसते. पण हक्काबाबतचा धडा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. ठेकेदाराला पुढच्या वर्षीच्या माशाशी देणेघेणे नसते, कारण पुढच्या वर्षी ठेका त्याच्याकडे असेलच असे नाही. काठावरच राहणाऱ्याला पुढच्या वर्षीही तिथेच राहायचे असते.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची सामाईक पाणी, कुरणे, जंगले आणि मासेमारी यांचा अभ्यास करून हेच मांडले. सामाईक संपत्ती वापरणारे लोक स्वतः नियम ठरवू शकतात, ते पाळले जातात का यावर नजर ठेवू शकतात आणि ती संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकवू शकतात. या कामासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. चिलीने १९९१ पासून किनाऱ्याचे ठरावीक पट्टे छोट्या मच्छीमारांच्या संघटनांकडे सोपवले. तिथे 'लोको' नावाची समुद्री गोगलगाय अतिउपशाने संपत आली होती. आता आपापल्या पट्ट्यातली ती गावे राखतात आणि ठरवून काढतात. अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये छोट्या मच्छीमारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे मंजूर केली. त्यांत समुद्र राखण्याची जबाबदारी आणि त्यावरचा हक्क हे दोन्ही एकत्र मांडले आहेत. २०३० पर्यंत जगातली तीस टक्के जमीन आणि समुद्र संरक्षित करायचे, असे २०२२ च्या अखेरीस माँट्रियलमध्ये देशांनी ठरवले. हा तीस टक्क्यांचा आकडा मालवणसारखा भरायचा की वेळाससारखा, हा आता खरा प्रश्न आहे.

तोल कुठे सापडतो

आढावा घेताना एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. नियम कडक होता म्हणून समुद्र वाचला, असे कुठे दिसत नाही. नियम पाळणाऱ्याला त्याचे फळ मिळाले, तिथेच तो पाळला गेला. म्हणून किनाऱ्याजवळचा पट्टा छोट्या मच्छीमारांच्या संस्थांकडे खऱ्या अधिकारासह द्यायला हवा. नुसता सल्ला विचारून भागणार नाही. त्यांच्याबरोबर शास्त्रज्ञ बसावेत आणि विणीच्या जागा आणि विणीचे महिने ठरवावेत. बंदीचे दिवस वाढले तर मदतही वाढावी आणि ती होडीवाल्यापुरती न राहता खलाशी आणि वाळवणाऱ्या, विकणाऱ्या स्त्रियांपर्यंत जावी. पर्ससीन आणि एलईडीवाल्यांना कायद्यात आणताना परवाना सोडणाऱ्याला कर्जातून सुटण्याची वाटही द्यावी. आणि बंदर, कारखाना, रस्ता यांच्यावर समुद्र राखण्याची जेवढी जबाबदारी आहे, तेवढी तरी मोजून घ्यावी. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतकऱ्याला पीक बुडाल्यावर मदत मिळते, तशी ती राखणीपायी बुडालेल्या मच्छीमारालाही मिळाली, तर त्या दर्जाला खरा अर्थ येईल.

बेल्ह्याच्या बाजारालाही यात करण्यासारखे आहे. कुकडीचे पाणी घोडला, घोडचे भीमेला, भीमेचे कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. आपल्या शेतातले खत, ओढ्यातले प्लास्टिक त्याच वाटेने जाते. एका समुद्राचा मासा आपण खातो आणि दुसऱ्या समुद्राला आपला गाळ पाठवतो. घाटावर राहूनही दोन्ही समुद्रांचे देणे आपल्यावर आहे. ताजे मासे घ्यायला आळेफाट्याला किंवा नारायणगावला जाणाऱ्याने बोटभर पापलेट किंवा सुरमईचे पिल्लू नाकारावे. पालावरच्या बाईला सुकट कुठून आली, हे विचारावे. सुकट दोन रुपयांनी महाग झाली आणि तिचे कारण समुद्रातली राखण असेल, तर ते दोन रुपये द्यावेत. आपल्याकडे बिबट्यासाठी शेळी गमावणाऱ्याच्या मागे सगळ्यांनी उभे राहावे, असे आपण म्हणतो. समुद्रापाशी जाळे कापणाऱ्याच्या मागेही आपणच उभे राहायचे आहे.

पुढचा मे येईल, बेगमीची गर्दी होईल. त्या सोमवारी सुकटीचे वजन करताना तराजूच्या दुसऱ्या पारड्यात एक कोळीवाडा आहे, एवढे लक्षात राहिले तरी पुष्कळ होईल.